तांब्याच्या पात्यांचे एंजिन : एका निदानाचा इतिहास

१. प्रास्ताविक

मोटारगाडीचे एंजिन तापते ही गोष्ट मोटारगाडीच्या जन्माइतकीच जुनी आहे. जळणाऱ्या पेट्रोलमधून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग कामाच्या रूपाने हाती लागतो. तितकाच किंवा थोडा अधिक भाग धुराबरोबर निघून जातो. आणि उरलेला भाग सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढून टाकावा लागतो. तो वेळीच निघाला नाही तर वंगणाचे तेल पातळ होते, दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळला जातो आणि झडपा जळतात. यास्तव एंजिन थंड राखण्याची व्यवस्था हे एंजिनाचे एखादे बाह्य उपांग नसून त्याच्या अस्तित्वाची अट होय.

तथापि तापलेले एंजिन हे रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे. पाणी गळून कमी झालेले असते, पंख्याचा पट्टा सैल पडलेला असतो, रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजलेल्या असतात, ठिणगी उशिरा पडत असते किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक सतत घासत असतो. कारणे अनेक आणि लक्षण एकच, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच जाणता मिस्त्री प्रथम हत्याराला हात घालीत नाही. एंजिन केव्हा तापते, हे तो आधी विचारतो : चढावर की सपाटीवर, मंद गतीत की वेगात, निघताक्षणी की तासाभराच्या प्रवासानंतर. त्याच्या निदानाची भिस्त या प्रश्नांच्या उत्तरांवर असते, आणि उत्तरे प्रामाणिक मिळाली नाहीत तर उत्तम मिस्त्रीचाही उपाय चुकतो.

इ. स. १९२१ ते १९२३ या काळात अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीत एका नव्या एंजिनाच्या तापण्याचा प्रश्न असाच उपस्थित झाला. ते एंजिन तापते की नाही, तापत असल्यास दोष रचनेचा की बांधणीचा, यावर कंपनीची प्रयोगशाळा आणि तिचे कारखाने यांच्यात सुमारे दीड वर्ष वाद चालला. अखेरीस तीन एंजिनियरांनी अवघ्या दहा दिवसांत निदान कागदावर उतरविले. जे दहा दिवसांत दिसू शकत होते ते दीड वर्ष का दिसले नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. पाणी आणि हवा

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवती पाणी होते. ते तापून त्याची वाफ होई, आणि चालकाला वारंवार नवे पाणी घालावे लागे. एंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी असल्यामुळे ही व्यवस्था चालून गेली. शक्ती वाढू लागली तेव्हा तेच पाणी पुनःपुन्हा थंड करून वापरणे अवश्य झाले. व्हिल्हेल्म मायबाख याने १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी जो रेडिएटर तयार केला त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र झाळलेल्या होत्या. मधमाशांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या या रचनेने थोड्या पाण्यातून पुष्कळ उष्णता हवेला देता येऊ लागली, आणि मोटारीच्या पुढच्या भागाला तिचा परिचित चेहरा मिळाला.

१९०८ मध्ये निघालेल्या फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीने याहून साधा मार्ग पत्करला. आरंभीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर फोर्डने पाण्याचा पंपच काढून टाकला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड झालेले खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर तिचे पाणी फिरत असे. ही व्यवस्था स्वस्त होती, पण लांब चढावर तिचे पाणी उकळे. थंड प्रदेशांत अडचण नेमकी उलट होती. हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठून फुगे आणि सिलिंडरचा ठोकळा तडकवी. त्यावर उपाय म्हणून पाण्यात मद्यार्क मिसळीत, पण एंजिन तापले की तो उडून जाई. इथिलीन ग्लायकॉल या द्रव्यावर आधारलेले टिकाऊ मिश्रण प्रेस्टोन या नावाने बाजारात आले ते १९२७ मध्ये. म्हणजे १९२० च्या सुमारास पाण्याने थंड होणारी गाडी उन्हाळ्यात उकळणारी, हिवाळ्यात गोठणारी आणि बारमाही गळणारी अशी होती. पाणीच नको, असे कोणाला वाटले असल्यास ते नवल नव्हे.

पाण्याशिवाय चालणारी गाडी अस्तित्वातही होती. न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील फ्रँकलिन कंपनी १९०२ पासून हवेने थंड होणाऱ्या गाड्या तयार करीत होती, आणि १९३४ पर्यंत तिने हा मार्ग सोडला नाही. पण फ्रँकलिनची गाडी महाग होती व तिचा ग्राहकवर्ग मर्यादित होता. हवेने थंड होणारे एंजिन स्वस्त गाडीत बसविता येईल काय, हा प्रश्न अनुत्तरित होता.

तो सोपाही नव्हता. तापमानातील तेवढ्याच वाढीत तेवढीच उष्णता वाहून न्यावयाची तर पाण्याच्या मानाने हवेचे आकारमान सुमारे साडेतीन हजार पट लागते. शिवाय धातूच्या पृष्ठभागावरून हवा उष्णता सहजासहजी उचलीत नाही. यामुळे सिलिंडरच्या बाहेरून धातूची पातळ पाती काढून पृष्ठभाग वाढवावा लागतो, आणि पंख्याने त्यांतून वारा खेळवावा लागतो. ही पाती सिलिंडरबरोबरच ओतलेल्या बिडाची असत. बिडातून उष्णता मंदपणे वाहते, म्हणून पात्याचे टोक मुळाइतके तापत नाही, आणि पाते कितीही लांब केले तरी त्याचा उपयोग एका मर्यादेपलीकडे होत नाही.

३. केटरिंगची कल्पना

या मर्यादेवर चार्ल्स केटरिंग याने तांब्याचा उपाय योजिला. तांब्याची उष्णतावाहकता बिडाच्या सात-आठ पट आहे. सिलिंडर बिडाचाच ठेवून त्याच्या बाहेरील अंगास तांब्याच्या पत्र्याची पाती पक्की झाळली, तर लहानशा जागेत पुष्कळ उष्णता बाहेर काढता येईल, रेडिएटर, पंप व नळ्या नाहीशा होतील, गाडी हलकी होईल आणि तिची किंमत उतरेल, असे त्याचे अनुमान होते. अडचण होती ती सांध्याची. तांबे तापल्यावर बिडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. प्रत्येक तापण्या-निवण्यात सांधा ताणला जातो, आणि जेथे तो सुटतो तेथे उष्णतेची वाट बंद होते. झाळकामाची यासाठी योग्य पद्धत बसविण्यात केटरिंगच्या सहकाऱ्यांनी बरेच परिश्रम घेतले.

केटरिंग हा स्वप्नाळू संशोधक नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर बसविलेला विजेचा स्टार्टर ही त्याची निर्मिती होती. हँडल मारून एंजिन चालू करण्याच्या धोक्यातून त्या एका साधनाने मोटारचालकांची सुटका केली होती. १९२० मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे जनरल मोटर्सचे संशोधन मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे प्रमुखपद केटरिंगकडे आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस कंपनीचा संस्थापक ड्युरंट पायउतार झाला आणि पिअर ड्यू पाँ अध्यक्ष झाला. डिसेंबरमध्ये नवे संचालक डेटनला जाऊन हे एंजिन पाहून आले.

ज्या परिस्थितीत त्यांनी ते पाहिले ती ध्यानात घेणे अवश्य आहे. अमेरिकेत मंदी सुरू झाली होती. मोटारींच्या बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक भाग फोर्डच्या हाती होता, तर जनरल मोटर्सची स्वस्त गाडी शेव्हरोले हिच्या वाट्याला सुमारे ४ टक्केच बाजार होता. शेव्हरोले बंदच करावी, असा सल्लाही बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या सुमारास दिला होता. फोर्डशी किमतीत टक्कर देणे अशक्य, म्हणून त्याच्यापाशी नसलेले असे काही पुढे करणे, हा मार्ग उरत होता. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात ड्यू पाँला तो मार्ग दिसला. अशा रीतीने एंजिन पुरते सिद्ध होण्यापूर्वीच कंपनीचे भवितव्य त्याच्याशी बांधले गेले. ज्याच्यावर सर्व आशा केंद्रित झाली आहे त्याच्या प्रकृतीविषयी मोकळेपणाने बोलणे पुढे सर्वांनाच अवघड व्हावे, याचे मूळ येथे आहे.

४. ओकलंडची चाचणी

प्रथम चार सिलिंडरचे एंजिन शेव्हरोलेसाठी आणि नंतर सहा सिलिंडरचे ओकलंडसाठी, असा आरंभीचा बेत होता. १९२१ च्या ओघात तो बदलून ओकलंडचे एंजिन पुढे आले. डिसेंबर १९२१ पासून ओकलंडच्या पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या बंद कराव्यात आणि नव्या वर्षारंभी नवीन गाडीचे उत्पादन सुरू करावे, इतपत निर्णय झाला. जुनी गाडी केव्हा थांबणार हे ठरले होते. नवी गाडी कोणत्या कसोटीला उतरली म्हणजे सिद्ध समजावयाची, हे मात्र ठरलेले नव्हते.

नोव्हेंबरमध्ये डेटनहून आलेली गाडी ओकलंडच्या एंजिनियरांनी चालवून पाहिली आणि ती नापसंत केली. आवश्यक ते बदल करण्यास निदान सहा महिने लागतील, तोपर्यंत पाण्याने थंड होणारी नवी गाडी काढावी, असे ओकलंडचा व्यवस्थापक हॅनम याने कळविले. हा निकाल केटरिंगच्या जिव्हारी लागला. डेटनमध्ये जी गाडी समाधानकारक चालते ती ओकलंडच्या हाती जाताच बिघडते, याचा अर्थ ओकलंडला ती चालावी असे वाटतच नाही, अशी त्याची समजूत झाली. ३० नोव्हेंबर १९२१ रोजी संचालकांनी त्याला पत्र पाठवून त्याच्यावरील आपला पूर्ण विश्वास व्यक्त केला.

हे पत्र सद्भावनेचे होते यात शंका नाही. परंतु त्या क्षणी प्रश्न विश्वासाचा नव्हता. एकाच गाडीविषयी दोन जाणत्या पक्षांनी परस्परविरोधी साक्ष दिली होती. अशा वेळी ती गाडी तिसऱ्या ठिकाणी, ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगाने, हवेचे तापमान नोंदवून चालविणे आणि दोन्ही पक्षांना ते पाहू देणे, हा सरळ उपाय होता. तो योजिला गेला नाही. त्याऐवजी कोणाचा शब्द ग्राह्य मानावयाचा, याचा निवाडा वरिष्ठांनी केला. रोगी न तपासता वैद्यांपैकी एकाची बाजू घेण्यासारखाच हा प्रकार होता.

५. शेव्हरोलेचा प्रयोग

ओकलंडचा बेत बारगळल्यावर भार पुन्हा शेव्हरोलेवर आला. तिचा व्यवस्थापक झिमरशीड नव्या एंजिनाविषयी साशंक होता. १९२२ च्या आरंभी त्याला त्या जागेवरून हलविण्यात आले आणि अध्यक्ष ड्यू पाँ याने शेव्हरोलेचे व्यवस्थापन स्वतःकडे घेतले. उत्पादनाची जबाबदारी विल्यम नुडसेन याच्याकडे आली. नुडसेनने फोर्डच्या कारखान्यात उत्पादनाचे काम पाहिलेले होते. एंजिन मान्य करूनही त्याने सावधपणाचा सल्ला दिला : प्रथम थोड्या गाड्या काढाव्यात व त्यांची कसून परीक्षा करावी. पुढे पाण्याची व हवेची अशा दोन्ही गाड्यांची तयारी समांतर चालवावी, असा मध्यम मार्ग स्वीकारण्यात आला. हा आग्रह मुख्यतः आल्फ्रेड स्लोन याचा होता.

जानेवारी १९२३ मध्ये न्यू यॉर्क येथील मोटार प्रदर्शनात तांब्याच्या पात्यांची शेव्हरोले लोकांपुढे आली. तिची किंमत नेहमीच्या शेव्हरोलेपेक्षा सुमारे २०० डॉलरने अधिक होती. स्वस्ताईसाठी आरंभिलेल्या उद्योगाचा हा पहिला विपर्यास होय. फेब्रुवारीत महिना १,००० गाड्या काढून ऑक्टोबरपर्यंत ही संख्या महिना ५०,००० पर्यंत न्यावयाची, असा संकल्प होता. प्रत्यक्षात एकूण ७५९ गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी २३९ कारखान्यातच मोडीत निघाल्या. उरलेल्यांपैकी सुमारे १५० कंपनीच्या प्रतिनिधींनी वापरल्या, तीनशेहून काही अधिक विक्रेत्यांकडे गेल्या, आणि प्रत्यक्ष ग्राहकांच्या हाती सुमारे १०० पोहोचल्या.

विकल्या गेलेल्या गाड्यांविषयीच्या तक्रारी इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. त्यांत एंजिनाचा गोंगाट व सिलिंडरची झीज आहे, पंख्याच्या पट्ट्याच्या कटकटी आहेत. पण क्लच नीट न चालणे, कार्ब्युरेटर बिघडणे, आस मोडणे याही आहेत. क्लच आणि आस यांचा तांब्याच्या पात्यांशी काही संबंध नाही. ते घाईने बांधलेल्या कोणत्याही नव्या गाडीचे दोष आहेत. पंख्याच्या पट्ट्याचे मात्र तसे नाही. पाण्याच्या गाडीत पट्टा तुटला तरी पाणी उकळेपर्यंत चालकाला काही अवधी मिळतो, आणि वाफ दिसताच तो थांबतो. हवेच्या गाडीत वारा थांबला की उष्णता साठू लागते, आणि वाफेसारखी उघड सूचना मिळत नाही. क्षुल्लक पट्ट्याचा दोष येथे प्राणघातक ठरतो. याप्रमाणे रचनेचे दोष, बांधणीचे दोष आणि रचनेमुळे गंभीर झालेले बांधणीचे दोष एकमेकांत मिसळले होते. प्रयोगशाळा त्यांतील बांधणीच्या दोषांकडे बोट दाखवी, कारखाना रचनेच्या दोषांकडे. आणि दोघांनाही आपल्या म्हणण्यास पुरावा सापडे.

६. दहा दिवसांचे निदान

१० मे १९२३ रोजी ड्यू पाँ अध्यक्षपदावरून निवृत्त झाला व स्लोन त्याच्या जागी आला. १८ मे रोजी कॅश, हंट आणि डी वॉटर्स या तीन एंजिनियरांची समिती नेमली गेली. त्यांतील कॅश एंजिने बनविणाऱ्या नॉर्थवे शाखेचा प्रमुख, हंट शेव्हरोलेचा मुख्य एंजिनियर आणि डी वॉटर्स ब्यूइकचा मुख्य एंजिनियर होता. तिच्यापुढे सहा सिलिंडरचे एंजिन होते. ओल्ड्समोबिल गाडीसाठी ते पत्करण्याचा निर्णय आधीच झालेला होता. समितीने २८ मे रोजी आपला अहवाल दिला.

अहवालातील मुख्य निरीक्षणे दोन. हवेचे तापमान ६० ते ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १५ ते २१ अंश सेल्सियस असताना, मध्यम वेगाने काही वेळ चालल्यावर या एंजिनात ठिणगी पडण्यापूर्वीच पेट्रोल पेट घेऊ लागते, हे पहिले. एंजिन थंड स्थितीतून तापत असेपर्यंत त्याची शक्ती समाधानकारक असते, पण ते पुरते तापल्यावर सिलिंडरमधील दाब व शक्ती ही दोन्ही लक्षणीय घटतात, हे दुसरे.

या दोन वाक्यांत संपूर्ण निदान आहे. ठिणगीपूर्वी पेट घेणे याचा अर्थ दहनकक्षाच्या आत कोठेतरी लाल होण्याइतका तापलेला बिंदू आहे, आणि तोच ठिणगीचे काम अवेळी करीत आहे. असा बिंदू बहुधा निकासाच्या झडपेजवळ असतो, कारण सर्वांत तप्त वायू तेथून जातात आणि बाहेरून पाती लावण्यास तेथे जागा कमी असते. अवेळी पेटलेला वायू वर येणाऱ्या दट्ट्याला उलट रेटतो. त्यामुळे शक्ती घटते आणि उष्णता आणखी वाढते. वाढलेली उष्णता तो बिंदू अधिकच तापविते. दाब घटणे याचा अर्थ असा की सिलिंडर सर्व बाजूंनी सारखा न तापता वेडावाकडा फुगला आहे, झडपा आपल्या बैठकीत नीट बसत नाहीत, आणि दट्ट्याच्या कड्यांमधून वायू निसटत आहे. पाण्याचा मोठा गुण येथे उघड होतो. ते उष्णता वाहून नेते, इतकेच नव्हे. सिलिंडरभोवती सर्वत्र पोहोचून ते तापमान समान राखते, आणि सर्वांत तप्त जागी स्वतः उकळून तेथील उष्णता आधी उचलते. पंख्याचा वारा हे करू शकत नाही. तो पुढच्या पात्यांना गार लागतो आणि मागच्यांना तापलेला.

दुसऱ्या निरीक्षणाने जुन्या वादाचाही उलगडा होऊ शकतो. तापत असेपर्यंत एंजिन चांगले चालते. म्हणजे थोडा वेळ चालविणाऱ्यास ते चांगले वाटेल व दीर्घ काळ चालविणाऱ्यास वाईट. थंडीत चालविणाऱ्याचे मत एक होईल आणि उबदार दिवसांत चालविणाऱ्याचे दुसरे. ही गाडी जानेवारीत लोकांपुढे आली आणि जूनमध्ये परत घेतली गेली, हा क्रम या दृष्टीने लक्षणीय आहे. डेटनची साक्ष आणि ओकलंडची साक्ष या दोन्ही खऱ्या असू शकत होत्या. त्या कोणत्या परिस्थितीतील आहेत, हा मिस्त्रीचा पहिला प्रश्न कोणी अधिकाराने विचारला नव्हता.

येथे एका विसंगतीची नोंद केली पाहिजे. एंजिनातील अवेळी होणाऱ्या दहनाविषयी त्या काळी जगात कोणास सर्वाधिक माहिती असेल तर ती केटरिंगच्याच प्रयोगशाळेस. त्याचा सहकारी टॉमस मिजली याने ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाच्या एका संयुगाने एंजिनातील ठोके बंद होतात हे दाखविले होते, आणि ते मिसळलेले पेट्रोल २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्येच प्रथम विकले गेले. या शिशाने पुढे जगभर केलेली हानी हा स्वतंत्र विषय आहे. ठिणगीनंतरचा ठोका आणि ठिणगीपूर्वीचे प्रज्वलन हे दोन भिन्न दोष असले, तरी दोहोंचा उष्णतेशी निकट संबंध आहे. म्हणजे ज्ञानाचा अभाव हे निदान लांबण्याचे कारण खचित नव्हते.

७. उपाय

जून १९२३ मध्ये विकलेल्या सर्व गाड्या परत मागविण्याचा निर्णय झाला. ३० जून रोजी केटरिंगने स्लोनला पत्र लिहून कंपनी सोडण्याची इच्छा कळविली. समितीचे तिघेही पाण्याच्या गाड्या बनविणाऱ्या शाखांतले, प्रयोगशाळेचा त्यांत एकही नाही, हा प्रयोगशाळेच्या बाजूने घेता येण्याजोगा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. दहा दिवसांचे निदान अचूक होते, पण ते देणारे पंच तटस्थ होते असे म्हणता येत नाही.

स्लोनने केटरिंगला जाऊ दिले नाही. हवेच्या एंजिनासाठी वेगळी लहान कंपनी काढून ती सर्वस्वी त्याच्याकडे सोपवावी, अशी योजना त्याने पुढे केली. ती प्रत्यक्षात फलद्रूप झाली नाही, आणि हळूहळू विषय मागे पडला. केटरिंग १९४७ पर्यंत कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख राहिला.

खरा उपाय निराळ्याच ठिकाणी झाला. सप्टेंबर १९२३ मध्ये एक सर्वसाधारण तांत्रिक समिती स्थापन झाली. तीत सर्व शाखांचे मुख्य एंजिनियर आणि प्रयोगशाळेचे लोक एकत्र बसू लागले. पुढील वर्षी, १९२४ मध्ये, मिशिगन राज्यातील मिलफर्ड येथे कंपनीने गाड्यांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र मैदान उघडले. तेथे ठराविक चढ, ठराविक लांबीचे रस्ते आणि ठराविक पद्धती होत्या. कोणत्याही शाखेची गाडी तेथे येई आणि तिच्याविषयीची नोंद सर्वांना सारखीच उपलब्ध असे. १९२१ च्या नोव्हेंबरात ज्या तिसऱ्या जागेची उणीव होती ती अशा रीतीने तीन वर्षांनी भरून निघाली.

८. इतिहासकारांची निदाने

या प्रकरणाचे निदान इतिहासलेखनातही एकच झालेले नाही. केटरिंगचा सहकारी बॉइड याने १९५७ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. स्लोनचे आत्मकथन १९६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, व त्यात या एंजिनास एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. स्लोनच्या मते एंजिन मुळात चांगले की वाईट हा प्रश्न गौण होता. ज्यांनी गाडी बनवावयाची त्यांच्यावर ती वरून लादली गेली, ही चूक होती. त्याच्या कथनातील आकडे आणि तारखा मोलाच्या आहेत. परंतु तो या वादातील एक पक्ष होता, आणि त्याने उभारलेल्या संघटनेचे समर्थन हा त्या ग्रंथाचा एक हेतू होता, हे विसरता येत नाही. स्टुअर्ट लेस्ली याने १९७९ मधील निबंधात व १९८३ मधील केटरिंगच्या चरित्रात या प्रकरणाची पुन्हा तपासणी केली, आणि प्रयोगशाळेतील नमुना व कारखान्यातील उत्पादन यांमधील अंतर हा मुख्य प्रश्न म्हणून पुढे मांडला.

हवेने थंड करण्याचे तत्त्वच चुकीचे होते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. गाड्या परत मागविल्यानंतर चार वर्षांच्या आत, मे १९२७ मध्ये, लिंडबर्गच्या विमानाने अटलांटिक महासागर ओलांडला तो हवेने थंड होणाऱ्या राइट व्हर्लविंड एंजिनावर, आणि ते एंजिन साडेतेहेतीस तास अखंड चालले. विमानास वाऱ्याचा जोर आपोआप मिळतो, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचा होता तो अल्युमिनियमचा वापर. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे गिब्सन व हेरन यांनी अल्युमिनियमच्या सिलिंडर-मस्तकावर जे प्रयोग केले त्यांनी दाखविले की पाती व मस्तक एकाच वाहक धातूचे एकसंध ओतले तर सांध्याचा प्रश्नच उरत नाही आणि झडपेजवळची उष्णता पसरून जाते. पुढे फोक्सवागन गाडी याच मार्गाने गेली. स्वतः शेव्हरोलेनेही १९५९ च्या अखेरीस हवेने थंड होणारी कॉर्व्हेअर गाडी काढली ती अल्युमिनियमच्या एंजिनाची. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होणाऱ्या ज्या स्कूटरी महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचल्या, त्यांच्या एंजिनावरही अल्युमिनियमचे मस्तक व पंख्याचा वारा हीच जोडी होती. केटरिंगचे ध्येय योग्य होते. बिडावर तांबे झाळण्याची वाट मात्र पुढे गेली नाही.

या प्रकरणाचा एक दूरचा धागा मुंबईशीही पोहोचतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला, आणि तो १९५० च्या दशकापर्यंत चालला. तेथून बाहेर पडलेल्या शेव्हरोले गाड्या पाण्याच्याच होत्या. बोरघाटाच्या चढावर गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून रेडिएटर निवण्याची वाट पाहणारे प्रवासी हे मुंबई-पुणे रस्त्यावरील पुढे अनेक वर्षांचे नित्याचे दृश्य होते. पण २१ अंशांच्या हवेत ज्याची शक्ती ढळली ते एंजिन चैत्र-वैशाखातील चाळीस अंशांच्या उन्हात तो चढ कसा चढले असते, याचे अनुमान करण्यास फारशा कल्पनाशक्तीची गरज नाही. पाण्याची व्यवस्था उकळली तरी थोड्या विसाव्याने व बादलीभर पाण्याने पूर्ववत् होत असे. पुढे दाब धरून ठेवणारी टोपणे आली. एका वातावरणाइतका अधिक दाब राखला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. त्यामुळे उकळण्याचा प्रसंगही विरळ झाला. ज्या उणिवांमुळे केटरिंगने पाणी टाकून द्यावयाचे ठरविले त्या एकामागून एक दूर झाल्या, आणि त्या दूर करणारे उपाय लहान, स्वस्त व अनामिक होते.

९. समारोप

सारांश, तांब्याच्या पात्यांच्या एंजिनाचा दोष गूढ नव्हता. तो ओळखण्याचे ज्ञान कंपनीत होते, साधने होती, आणि माणसेही होती. उणीव होती ती अशा जागेची की जेथे दोष सांगणाऱ्यावर विरोधाचा आरोप येणार नाही आणि दोष ऐकणाऱ्यास आपला अपमान झाला असे वाटणार नाही. ओकलंडने दोष सांगितला तेव्हा तो असहकार ठरला. शेव्हरोलेच्या व्यवस्थापकाने शंका काढली तेव्हा त्याची जागा गेली. ज्यांचा शब्द निर्णायक होता त्यांनी एंजिन कोणत्या वेळी, किती तापमानात व किती वेळ चालल्यावर बिघडते हे विचारण्याऐवजी, ते चालेल असे म्हणणारा कोण व चालणार नाही असे म्हणणारा कोण, एवढेच पाहिले. त्या ७५९ गाड्यांपैकी एक डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्डच्या नावाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तिच्या पुढच्या बाजूस रेडिएटर नाही. संग्रहालयात येणाऱ्यास ती एका फसलेल्या कल्पनेचे स्मारक वाटणे स्वाभाविक आहे. इतिहासाच्या अभ्यासकाच्या लेखी मात्र ती वेळेवर न विचारलेल्या एका साध्या प्रश्नाची साक्ष आहे.